गाडी वळेपर्यंत

पेजेवर साय धरली होती. पातळ, सुरकुतलेली, चमच्याच्या दांड्यापाशी जराशी ओढली गेलेली... एनेलेसी त्या सुरकुतीकडे बघत बसली होती, कारण तिथून नजर उचलली की ती चटईवर जाणार, आणि चटईवर मामा होते, तिच्या आईचे भाऊ. तिची हाक मारून झाली होती. कपाळाला हात लावून झाला होता. तो हात आता तिने मांडीखाली दाबून धरला होता, कारण त्याला लागलेला गारवा काही केल्या जात नव्हता — आणि हे ऑक्टोबरात, जेव्हा मातीच्या भिंतीसुद्धा रात्रभर निवत नाहीत.

मामा पाठीवर सरळ झोपले होते. डोळे मिटलेले, ब्लँकेट हनुवटीपर्यंत, हात आत. एरवी ते पाठीवर झोपत नसत, खोकला उसळायचा; भिंतीकडे तोंड आणि गुडघे पोटाशी, अशी त्यांची झोप. किती नीट गेले, असं तिच्या मनात आलं. कुणाला त्रास नको म्हणून स्वतःच सरळ होऊन पडले असतील... मामाच ते. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, की आता ओरडायला हवं.

माणूस गेला की पहिला हंबरडा घरातल्या बाईने फोडायचा. आई गेली तेव्हा तिनेच फोडला होता, मावशी गेली तेव्हाही. तो आवाज आठवून काढावा लागत नाही, तो पोटातून आपोआप वर येतो, आणि एकदा अंगणाबाहेर गेला की मग गाव गावाचं राहत नाही. शेतातली कुदळ शेतात टाकून लोक निघतात, ढोल आढ्याला टांगले जातात, पोरं शाळेतून परत फिरतात, आणि माती पडेपर्यंत कुणी गात नाही, कुणी नाचत नाही, कुणाच्या घरी काम होत नाही. हे असंच असतं. ते असं का, हे विचारण्याची पाळी कधी आली नव्हती.

आवाज गळ्याशी आला होता. तोंड उघडलंही होतं तिने. आणि तेवढ्यात शाळेकडून ढोल वाजला — धम्... थांबला, कुणीतरी हसलं, मग पुन्हा धम् धम्. मुली सराव करत होत्या. आज पाहुणे यायचे होते.

कमरेला गुंडाळलेल्या नव्या चितेन्जेचं टोक तिने कधी तोंडात कोंबलं ते तिचं तिला कळलं नाही. कापडाला दुकानाचा वास होता, खळीचा. तिने ते दातांनी घट्ट धरलं आणि तो आवाज खाली खाली ढकलला, आणि तो गेला. पोटात जाऊन बसला. मग टोक तोंडातून काढून ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, फक्त गाडी वळेपर्यंत."

नदीपलीकडच्या गावाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या शाळेतही याच पाहुण्यांचा पैसा यायचा. मुलींची फी, वह्या, गणवेश, सगळं. गेल्या वर्षी पाहुणे यायचे होते त्याच सकाळी तिथला एक म्हातारा वारला. झालं, गाव सगळं कबरीपाशी. पाहुणे आले तर शाळेला कुलूप, मैदानात दोन शेळ्या. दुपारपर्यंत बसले म्हणे बिचारे गाडीत, पाणी पीत. सांगायला कुणी नव्हतं. जे सांगू शकले असते ते सगळे खड्डा खणत होते. गेले परत. पुढच्या सत्रात फी आली नाही. या गावाला शाळेची कदर नाही असं कुणाला तरी वाटलं, इतकंच. त्यांचीही चूक नाही, यांचीही नाही — आणि त्या मुली आता कुठे आहेत? कुणी तंबाखूच्या मळ्यावर, कुणी कुणाच्या तरी घरात, पाठीला पोर बांधून.

तिची स्वतःची थोरली तशीच गेली होती. एस्नात. तेव्हा पाहुणे नव्हते आणि फी नव्हती, आणि तिचा बाप जोहान्सबर्गला गेला तो गेलाच होता. नाताळला येते एस्नात. चुलीपाशी बसते, तंबाखूच्या चिकाने काळी पडलेली बोटं पदरात लपवते आणि धाकटीच्या पुस्तकांकडे बघत नाही. मुद्दाम बघत नाही. ते न बघणं एनेलेसीला वर्षभर पुरतं.

धाकटी, तियामिके, शेवटच्या वर्षाला होती. आज पाहुण्यांपुढे भाषण तीच करणार होती. शाळेनंतरचं शिक्षण, नर्सिंगचं, त्याचं काय ते आज ठरणार असं मुख्याध्यापक चिसाले सर म्हणाले होते. "आजचा दिवस तेवढा सांभाळा," असं ते सगळ्या आयांना म्हणाले होते. आजचा दिवस.

तिने मामांच्या झोपडीचं दार ओढलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, बाहेरून दोरी गुंडाळून गाठ मारली. गाठ मारताना बोटं थरथरत होती आणि ती बोटांना दटावत होती — थांबा ना जरा, मी काही वाईट करत नाहीये, मी काही केलंच नाहीये, मी फक्त ओरडले नाही... न ओरडणं हा काही गुन्हा आहे का?

होता. तिला माहीत होतं की होता.

काल संध्याकाळीच मामा मजेत होते. खोकत खोकत विचारत होते, "काय गं, उद्या पाहुणे येणार म्हणजे आमची पेज उशिरा वाटतं?"

"पेज वेळेवर मिळेल. तुम्ही तेवढं शहाण्यासारखं पडून राहा."

"आणि समज, उद्याच मेलो तर?"

"उद्या नको, मामा. उद्या मला नाचायचंय. परवा मरा."

मामा इतके हसले की खोकल्याने बेजार झाले. तियामिकेने पाठ चोळली त्यांची. तिला ते 'बायको' म्हणायचे, सगळे आजोबा नातीला म्हणतात तसं, आणि ती म्हणायची, "मला म्हातारा नवरा नको, दात असलेला बघून द्या." हे कालचं. परवा मरा, असं मी म्हटलं. माझ्या तोंडाने. ते ऐकून रागावले असतील का माझ्यावर, की मी म्हटलं म्हणूनच...

वाटेवर फालेसी भेटली. शेजारीण, वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी. गावात कुणी गेलं की अंघोळ घालायला पहिली बोलवायची ती हीच. हात लावून सांगते, केव्हा गेलं माणूस. सांध्यांवरून कळतं म्हणे तिला.

"मामा कसे आहेत?"

"झोपलेत."

"बरं आहे. रात्री फार खोकत होते, मग एकदम थांबले. म्हटलं, औषध लागू पडलं बाई." फालेसीने मागे वळून अंगणाकडे पाहिलं. "माणूस आत असताना बाहेरून दोरी कशाला बांधलीस गं?"

"शेळ्या शिरतात."

"तुझ्या शेळ्या आजच शिकल्या वाटतं दार उघडायला." आणि ती हसली, आणि एनेलेसीही हसली, आणि हसताना तिला वाटलं की आपल्या तोंडातून कापडाचा वास येतोय आणि तो फालेसीला कळतोय. दोघी चालू लागल्या. मामांचा विचार करायचा नाही असं तिने ठरवलं. पण विचार चालतच राहिले, तिच्या पुढे दोन पावलं: ऊन चढेल, झोपडी तापेल, माशा येतील. संध्याकाळी फालेसी हात लावील आणि वर बघेल. काही बोलणार नाही आधी. मग बोलेल. मामाचं प्रेत घरात ठेवून नाचायला गेली. जिला असं जमतं तिला आणखी काय काय जमत असेल? खाल्लं असेल हिनेच मामाला. चेटकीण, हा शब्द कुणी मोठ्याने म्हणत नाही. तो नुसता फिरतो, आणि मग एके दिवशी विहिरीवर आपण गेलो की बायका घागरी उचलतात. हे तिने पाहिलं होतं. दुसऱ्या एका बाईच्या बाबतीत, आणि तेव्हा तिनेही घागर उचलली होती.

पाहुणे वेळेवर आले. गाडी धुळीने लाल झालेली. तिच्यातून पिकल्या केसांची एक बाई उतरली आणि कॅमेरा घेतलेला एक तरुण. बाई हसरी होती, चपला आपल्यासारख्याच. आयांची रांग टाळ्या वाजवत पुढे गेली. सगळ्यांची चितेन्जे एका रंगाची, गाणं पाठ झालेलं. एनेलेसीचे पाय आपले आपण पडत होते, खांदे हलत होते, आणि आनंदाची किलकारी द्यायची वेळ आली तेव्हा तिने तोंड उघडलं आणि ती दचकली — कारण खालून जे वर येऊ लागलं ते किलकारी नव्हती. पोटात बसवलेलं तेच होतं. त्याला दोन्हींतला फरक कळत नव्हता. तिने ओठ मिटले. नाचत राहिली, बंद तोंडाने, आणि शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं, "गा की गं, दात दुखतोय का?"

मग तियामिके उभी राहिली. गणवेश इस्त्रीचा, कोळशाच्या इस्त्रीने पहाटे उठून तिनेच केलेला. भाषण इंग्रजीत होतं. एनेलेसीला त्यातलं आपल्या गावाचं नाव तेवढं कळलं. पण आवाज कळला. आवाज सरळ होता. कुठे अडला नाही, कुठे कापला नाही. पाहुण्या बाईने मध्येच डोळे पुसले. किती छान बोलते पोर, हिला काही ठाऊक नाही म्हणून इतकं छान बोलते... आणि ठाऊक झालं की? संध्याकाळी हिला मी काय सांगू? तुझा म्हातारा नवरा तू भाषण करत होतीस तेव्हा... नाही. मी पेज न्यायला गेले आणि बघते तर. तेव्हा बघते तर. हे असं सांगायचं. ती मनातल्या मनात सराव करू लागली, पाठ केल्यासारखा, आणि पाठ होताना तिला स्वतःची भीती वाटली. पण तियामिकेला हे कधीच कळू द्यायचं नाही, हे पक्कं. हे पाप माझ्या पदरात राहू दे. तिचे हात स्वच्छ राहिले पाहिजेत, त्यासाठीच तर सगळं.

टाळ्या संपल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं की फालेसी रांगेत नाही.

जागा रिकामी होती. आत्ता तर होती इथे... गेली ही. दोरी सोडून बघायला गेली. आता कुठल्याही क्षणी तिकडून, आंब्यांच्या पलीकडून, हंबरडा येणार, आणि मैदान रिकामं होणार, पाहुणे बघत राहणार, तियामिके मधोमध हातात कागद घेऊन. ती ऐकत राहिली. सगळं अंग कान होऊन ऐकत राहिली. ढोल थांबले होते. एक कोंबडा आरवला. वाऱ्याने झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती...

"हे घे." फालेसी मागे उभी होती, स्वयंपाकाच्या धुराने डोळे लाल. केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी तिने एनेलेसीच्या हातात कोंबलं. "कलेजी आहे. पाहुण्यांच्या कोंबडीतली काढून ठेवली. मामांना नेऊन दे गरम गरम. घरातल्या वडीलधाऱ्याचा मान असतो तो."

पान गरम होतं. सकाळी जो हात गार पडला होता त्याच हातात ते आलं होतं. तिने ते घट्ट धरून ठेवलं, कुठे ठेवावं ते सुचेना.

जेवणं झाली. आता निघतील, असं वाटत असताना पाहुणी बाई चिसाले सरांशी काहीतरी बोलली आणि सरांचा चेहरा फुलला. ते लगबगीने आयांकडे आले. "तियामिकेची आई, तुमचं भाग्य उघडलं. मॅडमना एका मुलीचं घर बघायचंय. त्या म्हणतात, जिने भाषण केलं तिचंच."

"घर... घर आवरलेलं नाही, सर."

"तसंच बघू द्या त्यांना. आवरलेलं बघायला का येतात ते?"

वाट एवढीशी होती. एनेलेसी मागून चालत होती आणि वाट संपू नये म्हणून सावकाश चालत होती. पुढे तियामिके, तिच्या शेजारी पाहुणी बाई, मग सर, मग कॅमेरावाला. अंगणात पोचल्यावर बाईने घर पाहिलं, चूल पाहिली, पुस्तकं ठेवायची फळी पाहिली, तिच्यावरून हात फिरवला. मग बाहेर आली आणि मामांच्या झोपडीकडे बोट करून काहीतरी विचारलं. दारावरची दोरी उन्हात अगदी स्वच्छ दिसत होती. तिची गाठही.

आता. आता सांगावं, इथेच खाली बसावं आणि ओरडावं, सुटावं एकदाचं...

तियामिकेने उत्तर दिलं. चटकन, हसून, इंग्रजीत. सरांनी मान डोलावली आणि आयांच्या सोयीसाठी बोलतात तसं सवयीने पुन्हा सांगितलं, "आजोबा झोपलेत, आजारी आहेत, असं म्हणाली."

पाहुण्या बाईने लगेच ओठांवर बोट ठेवलं. कॅमेरावाल्याला खूण केली. आणि मग ती सगळी माणसं, गोरी आणि आपली, त्या दारासमोरून चवड्यांवर, अगदी हळू, पुढे गेली — मामांची झोप मोडू नये म्हणून. बाईने पिशवीतून साखरेचा पुडा काढला आणि दारापाशी, दोरीच्या खाली, उंबऱ्यावर ठेवला. कुजबुजत काहीतरी म्हणाली. सरांनी ते मुद्दाम कुजबुजतच सांगितलं: लवकर बरे व्हा म्हणतात. एनेलेसी गुडघे टेकून, हात जुळवून आभार मानत होती आणि तिला उठता येईना. कुणालातरी वाटलं असेल की भारावली बिचारी.

मग ते शाळेपाशी परत गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मुलींचं गाणं, टाळ्या, चिसाले सरांचं मोठ्याने काहीतरी. अंगणात दोघीच उरल्या, माय आणि लेक. आंब्यांच्या मागे रस्ता वळतो तिथे धूळ उठली, उन्हात थोडा वेळ तशीच उभी राहिली.

आता. एनेलेसीने पाठ केलेलं आठवलं. पेज न्यायला जाते, असं म्हणायचं आधी...

"वळली गाडी," तियामिके म्हणाली. ती साखरेच्या पुड्याकडे बघत होती. "आता रडलं तरी चालेल, आई."

एनेलेसीला आधी शब्द नुसते ऐकू आले. मग मामा दिसले. पाठीवर सरळ. डोळे मिटलेले, ब्लँकेट हनुवटीपर्यंत, हात आत, नीट... किती नीट. खोकल्याच्या माणसाला कधी जमलं नव्हतं असं नीट.

"तू..."

"पहाटे निखारे न्यायला उठले, तेव्हा म्हटलं त्यांना पाणी ठेवावं." तियामिके टायची गाठ सोडत होती. बोटं सावकाश चालत होती, थरथरत नव्हती. "डोळे उघडे होते. तोंडही. म्हटलं, तू पेज घेऊन गेलीस आणि हे असं पाहिलंस तर ओरडशील. म्हणून झोपल्यासारखं करून ठेवलं. म्हटलं, तुला वाटेल झोपलेत, तू पेज ठेवून येशील." मग तिने टायची घडी केली, खिशात ठेवली. "तू दोरी बांधलीस तेव्हा कळलं मला. शाळेत जाताना पाहिली मी."

म्हणजे भाषण करताना. म्हणजे हसून उत्तर दिलं तेव्हा. त्याआधी, अंधारात एकटीने त्या पापण्या ओढताना, आणि मग त्याच हातांनी इस्त्री करताना, घड्या सरळ करताना...

दिवसभर एनेलेसी घाबरली होती. मामांना, फालेसीला, माशांना, विहिरीवरच्या बायकांना. ती सगळी भीती आता कुठे गेली ते तिला सापडेना. ती भीती बरी होती, निदान तिला तोंड होतं. आता फक्त ही एक पोर समोर होती, जिच्यासाठी सगळं केलं, जिचे हात... हिला हे कुणी शिकवलं? कोणत्या वर्गात? एस्नातची काळी बोटं तिच्या डोळ्यांसमोर आली आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की त्या बोटांवर निदान दिसतं तरी.

"मोठ्या मडक्यात पाणी भरून ठेवलंय," तियामिके म्हणाली. "लागेल."

वाटेने कुणीतरी येत होतं. फालेसीचीच चाल. हंबरडा आता फोडायला हवा, ती अंगणात पोचायच्या आत. एनेलेसीने केळीच्या पानातली गार झालेली कलेजी खाली ठेवली. तोंड उघडलं. सकाळपासून दाबून ठेवलेला तो आवाज तिने पोटात शोधला, छातीत शोधला, गळ्याशी शोधला. तो तिथे नव्हता. नुसता श्वास आत-बाहेर होत होता, कोरडा. शेजारी तियामिके उभी होती, अंग चोरून, शहाण्या मुलीसारखी — आईने आधी सुरुवात करावी म्हणून वाट बघत.